मी मेलो आणि आई उठली

...आणि वर मलाच विचारतात, ‘सिनेमाभर नुसता झोपलास की रे!’ झोपलो? अहो, झोपलेला माणूस घोरतो, कूस बदलतो, मी मेलो होतो! पडद्यावर पाऊण तास टेबलावर आडवा, गळ्यापर्यंत पांढरी चादर, भोवती चार नट एकाहून एक वात्रट, वरून दिवे तापलेले, आणि शूटिंगच्या तिसऱ्या दिवशी नाकाच्या शेंड्यावर माशी! खरीखुरी, पटकथेत नसलेली! दिग्दर्शक कुजबुजतोय, ‘कॅमेरा थांबवू नका!’ माशी डाव्या नाकपुडीत डोकावून आली, उजवीत डोकावून आली... तुम्हाला सांगतो, पापणी हलवली नाही!

आता सिनेमा कसला? तिथंच तर घोळ! पोस्टरवर छापलं ‘धमाल विनोदी’, आणि आईला मी तेवढंच सांगितलं. वीस वर्षं नटाचं काम करतोय, आई एकदा म्हणून बघायला आली नाही. ‘पोटापाण्याचं काहीतरी बघ,’ हे तिचं परीक्षण, न बघता केलेलं! म्हटलं, या खेपेला हसेल, आणि एकदा हसली की मानेल. नेली पहिल्याच खेळाला. डावीकडे आई, उजवीकडे मेहुणा. मेहुणा वजनकाटे तपासतो, त्याला सगळं मापात लागतं.

पहिला अर्धा तास लोकांची हसून मुरकुंडी! माशी आली तर मागच्या बाईंना ठसकाच लागला. आईसुद्धा रुमालात तोंड खुपसून हसतेय, आणि माझी छाती ही एवढी! तेवढ्यात पडद्यावर दिवे गेले, दार करकरलं, मेहुण्यानं माझा दंड आवळला, ‘भाऊजी, भुताचा आहे? आधी सांगायचं नाही?’ तो सावरतोय तोवर पडद्यावरची म्हातारी माझ्या उशाशी बसली, ‘बाळा, निदान जेवून तरी जायचंस...’ झालं! मेहुणा रडवेला, ‘हसायचं, घाबरायचं की रडायचं, एक काय ते ठरवा ना!’ मागून कुणीतरी, ‘अहो, आम्ही हसायला आलोय!’ का हो, घरी काय सगळं वेगवेगळ्या डब्यांत भरून येतं? माझे वडील गेले तेव्हा भेटायला आलेले शेजारी खुर्चीसकट कोसळले, आणि भर रडण्यात पहिली हसली ती आमची आईच!

तर म्हातारी रडतेय, मी मेलेला, पापणी हलवत नाहीये... आणि आई उठून उभी राहिली. भर थेटरात! ‘पुरे झालं रे! ऊठ बघू आता!’

आणि त्याच क्षणी, पटकथेत होतंच हो ते, पडद्यावरचा मी ताडकन उठून बसलो! अख्खं थेटर किंचाळलं, मग खो खो हसलं, हसता हसता डोळे पुसायला लागलं. मेहुणा खुर्चीखाली! आईनं पडद्यावरच्या मला पाहिलं, शेजारच्या मला चाचपलं, आणि म्हणाली, ‘मला वाटलं, गेलासच. चांगलं काम करतोस रे तू!’ वीस वर्षांनी! तिथं मात्र, तुम्हाला सांगतो, पापणी हलली. दोन्ही हलल्या!

दिग्दर्शक मागच्याच रांगेत. धावत आला, ‘पुढच्या सिनेमात भूमिका आहे! पल्लेदार संवाद!’ मी कॉलर नीट केली, घसा खाकरला... तर हा माझ्या खांद्यावरून आईला विचारतोय, ‘बाई, जमेल ना?’

‘जमेल की,’ आई म्हणाली, ‘फक्त हसायचं की रडायचं, ते आधी सांगा.’

मी ना? आहे की मीही त्यात... मेलेलाच आहे!