केरबा तांबटानं जमवलेली पोरं

ऐका. आन् ती बत्ती बारीक करा आधी, रॉकेल काय फुकाट येतं व्हय?

तर आपला केरबा तांबट दिवस बुडाल्यावर खिंडीच्या वाटंनं निघाला. एकटा! गावोगाव तांब्याची मोड घ्यायचा त्यो. पण त्याला येड लागलं व्हतं पाट्यांचं. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पाट्या. शंभर वर्सांमागं सायबांनी, सरदारांनी त्यांच्यावर आपल्या पोरांचे फोटो काढून घेतलेले, गालांना हातानं गुलाबी रंग दिलेला. मोडीत तसली पाटी आली की ह्यो वितळवायचा न्हाई. घरी रांगंनं मांडायचा.

का? आवं, त्याची यमू चार वर्सांची. देवी आल्या आन् गेली. जत्रंत फोटोवाला म्हणाला व्हता, काढू का पोरीचा? ह्यानं हात जोडले. फोटोनं आयुष्य घटतं म्हणं! आता पोरीचा चेहराच आठवंना. म्हणून परक्याच्या पोरांत हुडकायचा. कुणाचं कपाळ, कुणाची हनुवटी.

खिंडीत एक बाई उभी. "दादा, पाट्या घेता का?"

ह्यानं कंदील वर केला. पाटीवर एक पोर. भुवया यमूच्या!

"आनखी हाय. जरा म्होरं चला."

दुसरीत डोळे यमूचे. तिसरीत हसू! बाई म्होरं, ह्यो मागं. तिची सावली पडंना, पाऊल वाजंना. ह्याला दिसलं न्हाई का? दिसलं, माझ्या बाबांनो. तरी गेला.

चौथी पाटी. यमू! सबंद यमू! वर काचसुद्धा न्हाई.

"पोर खालीच हाय," बाई म्हणाली. "या की. बा, बा करून रडतीया."

आता असल्या उघड्या पाटीला बोट लावायचं नसतं. बोट फिरलं की चेहरा पुसला. केरबाला हे ठावं, दहा जणांना त्यानंच सांगितलेलं. पण बापच त्यो! पोर एवढी देखणी, गालाला तीट न्हाई, आन् समोर असली बाई. कंदिलाच्या काचंची काजळी बोटावर घेतली, लावली गालाला.

गाल गेला! सावरायला गेला तर डोळे गेले. ऱ्हायली कोरी चांदी, आन् तिच्यात ह्याचंच दाढी वाढलेलं तोंड.

बाई किंचाळली आन् गडप! केरबानं खाली बघितलं. एक पाय कड्याच्या भाईर!

वाचला. पण वाचून काय मिळालं? मरंपतूर माझ्या दारात येऊन बसायचा. "तू तर खेळवलीस तिला. सांग, कशी दिसायची?" मला काय सांगता येतंय? मीबी इसरलो व्हतो.

त्या खिंडीनं जाऊ नका रे. लांबचा वळसा पडला तर पडू द्या. आन् ज्याच्या घरातलं कुणी गेलंय, त्यानं तर दिवसाढवळ्याबी जाऊ नये.