मुळासकट

माझं गाव पेठ वडगावाजवळ, घरची दोन एकर, पर मी धाकलेपनापास्नं गाडीमागं याडा, म्हणून शेत सोडून दूध डेअरीच्या टँकरवर ड्रायव्हर झालो. सा वर्सं टेंपरवारी. पर्मनंटची यादी लागणार, तुझं नाव हाय, असं सायबांनी सांगितलंतं, तवा आमच्या बायकूनं, मालूनं, देवाम्होरं पेढं ठिवलंतं.

आन् काय सांगू तुम्हाला पावणं, सांगाय बी लाज वाटतीया, त्याच वक्ताला ढुंगणाच्या वर, माकडहाडावर गळू उठलं. शीटवर बसलो की डोळ्याम्होरं काजवं. कापडाला पू लागायचा. सा म्हैनं कुणाला बोललो न्हाय. शेवटी मालूनंच धुण्यात बघितलं, म्हणली, आवं, ह्ये काय वं?

मग कोल्हापुरात दवाखान्यात गेलतो, संगं वडील, आण्णा. डॉक्टरीण तरणी. म्हणली, केस कातड्यात घुसलेत, बसून बसून आत बोगदा झालाय, बारीक भोक पाडून दुर्बिणीनं केस काढते, लेसरनं आतनं जाळते, संध्याकाळी घरी जावा. परत उठायची थोडी भीती राहते, पण ती कुठल्याही ऑपरेशनात आहेच. झालं! आण्णा भडकलं. भोक पाडून काय हुतंय बाई, हराळी वरनं खुरपली की चौथ्या दिशी हिरवीगार, मुळासकट खणाय लागती. तिनं लई समजावलं. मी तीस वर्साचा घोडा, गप बसलो. आण्णांम्होरं आमच्यात कोण बोलतंय?

दुसऱ्या दवाखान्यात मुळासकट काढलं. लिंबू बसंल एवढा खड्डा, टाकं न्हाईत, उघडाच. रोज मालू त्यात पट्टी भरायची, मी उशी चावायचो, ती रडायची. तीन म्हैनं पालथा पडून. माझ्या टँकरवर बदली म्हणून चुलतभाव संजा चढला, आन् यादी लागली तवा कामावर हाजर म्हणून पर्मनंट त्योच झाला. पेढा घिऊन आला, मी पालथ्यानंच खाल्ला. इख खाल्ल्यावानी वाटलं.

आन् वर्साच्या आत परत उठलं की! मग गुमान त्याच डॉक्टरणीकडं गेलो, एकटा. सकाळी गेलो, सांजला घरात. दोन भोकं, हरबऱ्याएवढी. तिनं एका सबदानं टोचलं न्हाय. टोचलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता दुखत न्हाय. डेअरीतच हाय, उभ्यानं दुधाचं क्रेट धुतो. संजा फाटकातनं टँकर काढताना हारन मारतो, मी हात वर करतो, त्याचा तरी काय दोष? त्या डॉक्टरणीचं भलं हुवू दे. मालूचंबी हुवू दे, आण्णांचं ऐकून पर्मनंट घालवलं, ह्ये तिनं अजून एकदाबी तोंडातनं काढलं न्हाय.

आण्णा? हाईत की, रोज सकाळी बांधावर हराळी खणत्यात. इतकी मुळासकट खणूनबी दरसाल उगवतीयाच. परवा मला म्हणलं, जरा टिकाव दे रं. दिला.