काकूनं घातलेली वेणी

तुम्ही म्हणता ना, आजकालच्या पोरींना मोबाइलमुळे सगळं माहीत असतं? मग हे ऐका. मी कामरगावला शाळेत शिकवते. परवा नववीच्या मुलींना एचआयव्हीबद्दल सांगत होते. निम्म्या वर्गानं हसू दाबायला ओढण्या तोंडात कोंबलेल्या. मी 'कंडोम' म्हटलं, तेव्हा मागच्या बाकावरच्या तर बाकाखालीच गेल्या.

तास संपल्यावर एक मुलगी मागं थांबली. नाव नाही सांगत तिचं.

"मॅडम, एका ताटात जेवलं तं एचआयव्ही होते का?"

"नाही गं."

"मांडीवर डोकं ठेवलं तं?"

"नाही."

"अन् एचआयव्ही असलेल्या बाईनं आपली वेणी घातली तं?"

"वेणीनं कसा होईल, बाई? पण तू हे काहून विचारून राह्यली?"

तिनं मान खाली घातली. "माही काकू त्याच्या गोळ्या खाते. पह्यले माही वेणी तीच घाले. पण मले समजल्यापासून मी तिले हातच नाही लावू देत. तरी ती रोज सकाळी कंगवा घेऊन उभी राह्यते, मॅडम."

मी एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी तिच्यापुढं जाऊन बस."

दुसऱ्या दिवशी पोर शाळेत आली ती तेलानं चप्प डोकं आणि घट्ट वेणी घेऊन.

"काय म्हणाली काकू?" मी विचारलं.

"वेणी घातली, सोडली, अन् पुन्हा घातली."