अक्कानं बंदूक ठाण्यात ठेवली

खजुरीच्या मंडळींनो, लांबून आलेल्या पाव्हण्यांनो, मला बसूनच बोलू द्या. शांताक्का माझी थोरली बहीण. तिच्यामागं तिच्याबद्दल बोलायचं हाय.

पण बंदुकीवरून तिनं फार बोलणी खाल्ली. म्हणून सांगतो.

दाजींची दुनळी बंदूक होती, परवान्याची. डुकरं ऊस लोळवायची म्हणून घेतलेली. दाजी गेले, तसा परवानाबी संपला. एका वारसाच्या नावानं नवा काढायचा तर बाकीच्यांची संमती लागते. तिच्या थोरल्या पोराला, महादेवला पाहिजे होती. धाकट्या राजूलाबी पाहिजे होती. अन् त्याच साली बांधावरून दोघा भावांनी एकमेकांवर कुऱ्हाड उचललेली. तुम्हीच सोडवलं न्हाई का?

अक्का मला म्हणाली, "चल, ठाण्याला जाऊ."

ठाण्यात साहेबांनी कन्नडमधी विचारलं, कुणाच्या नावानं करायची? ही म्हणाली, "कुणाच्याच न्हाई. ठेवून घ्या."

"अम्मा, मग पोरं शेत कसं राखतील?"

"मला पोरं राखायची हाईत, साहेब."

बाहेर येऊन पायरीवर बसली. मी म्हणालो, "आता रडायलीस कामून?"

"तुझ्या दाजीची वस्तू व्हती रे."

पुढचं तुम्ही पाहिलं. डुकरांनी ऊस लोळवला. थोरला म्हणाला, आईला धाकट्याचा पुळका. धाकटा म्हणाला, थोरल्याचा. दोघांनी हिच्याशी बोलणं सोडलं. सण झाले, हिला बोलावणं न्हाई. तरी दिवस कलला की डबा बडवत उसाच्या कडंनं फिरायची. दोघांच्याबी उसाच्या. मीच वैतागून म्हणायचो, "अक्का, कुणाला तरी संमतीची सही दे अन् सुखानं राहा."

"दमले रे. पर न्हाई द्यायची."

किती वेळा विचारलं. तेवढंच म्हणायची. दमले. पर न्हाई.

महादेव, राजू, मी तुम्हाला दोष द्यायला बसलो न्हाई. मीबी दमलोय. परवा तिला नेताना पुढचे दोन्ही खांदे तुमचे होते. ती ज्याला भ्यायची, ते झालं न्हाई. दोघंबी जित्ते हाईत. एक या खांबाशी बसलाय, एक त्या दारात.

महादेव, ऊठ बाबा. इकडं ये, राजूच्या शेजारी बस. तू सरक रे, जागा दे त्याला.

हां. आता सगळे घडीभर गप बसू.