चिमणी हाय रं

आमचं गाव पन्हाळ्याच्या पायथ्याला. आजा गवंडी, बाप गवंडी, म्हंजे मीबी गवंडीच की, दुसरं काय होणार. गडावरच्या जुन्या बंगल्यांत भिंतीत शेकोटी असती, तिचा धूर वर न्यायला चिमणी. तिच्यात काजळी धरती, ती काढायचं काम आमच्याकडं. आता नव्या हाटेलवाल्यांनीबी तसल्या शेकोट्या केल्यात, म्हणून साठी उलटली तरी मला बोलावणं येतं.

काय सांगू तुम्हाला पावणं, काम सोपं दिसतं, पर हाय दमाचं. आदल्या दिवसापासनं जाळ बंद पायजे. खाली तोंडाला ओलं पोतं लावायचं, आपल्या नाकातोंडाला फडकं, शिडी धरायला माणूस, आन् मग बांबूला तारेचा ब्रश बांधून वरनं हळूहळू सोडायचा. शेवटी खालनं वर बघायचं. आभाळ दिसलं तर चिमणी मोकळी. बाप म्हणायचा, आभाळ दिसल्याबिगर हातपाय धुवायचं न्हाईत. एकदाच मी न बघता धुतलं, ते सांगतो.

थोरला भाऊ, अण्णा, एका बंगल्यावर राखणदार हुता. पावसाळ्याचं दिस. मालक सांजच्याला येणार म्हणून अण्णानं मला सकाळी बोलावलं. मी छपरावर गेलो, ब्रश सोडणार तर आत घरटं. पिल्लं चोची उघडून बसल्याली. मी ब्रश मागं वढला. वरनंच वरडलो, अण्णा, चिमणी हाय रं! खालनं अण्णा म्हणला, हाय की, म्हणून तर तुला बोलावलं! आन् हसला. मीबी हसलो. मला वाटलं, त्याला कळलं. तेवढ्यात सर आली, मी शिडी उतरलो, पोतं काढलं, हातपाय धुतलं, गाडीला किक मारली आन् गेलो.

दुपारी अण्णानं खोलीची ओल जावी म्हणून शेकोटी पेटवली. लाकडं भिजल्याली, म्हणून कोळसं घातलं. कोळशाला धूर न्हाय, तर कळायचं कसं? पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावल्याल्या. जरा पाठ टेकली आसंल. मालकानं दार उघडलं तवा अण्णा झोपल्यागत हुता. डॉक्टर म्हणलं, वायू कोंडला, त्याला वासबी नसतो.

मी पाखराचं बोललो, त्यानं धुराड्याचं ऐकलं. एक शब्द, पावणं, एक शब्द. वैनीला मी सगळं सांगितलं, काय लपवलं न्हाय. ती एवढंच म्हणली, भावजी, खाली येऊन का न्हाय सांगितलंसा?

आता मी खाली उतरतो, माणसापुढं उभा ऱ्हातो, सांगतो, आत घरटं हाय, धुराची वाट बंद हाय, जाळ करू नका, आन् मी काय बोललो ते म्हणून दावा. लोक हसत्यात. हसू द्यात. शेकोटीच्या तोंडावर फळी ठोकूनच घरी येतो. पिल्लं उडाली की साफ करतो आन् वर जाळी बसवतो. तुमच्या घरचा धूरबी सदा वर जाऊ दे, पावणं, पर पेटवायच्या आधी आभाळ बघा.

वैनी अंगणात अजून चिमण्यांना तांदूळ टाकती. मी गेलो की माझ्या हातावरबी मूठभर ठेवती, म्हणती, टाका भावजी, त्यांचा काय दोष. मी टाकतो. माझा दोष न्हाय, असं मात्र ती कधी म्हणली न्हाय.