नखाले न लागलेली पायरी

मी मूळचा कुहीकडला. घरी धानाची शेती, पण माझं ध्यान इंजिनात, म्हणून नागपूरले आलो, महाल भागात एका उस्तादाच्या हाताखाली इंजिन खोलाले शिकलो आन् पुढं तिथंच आपलं गॅरेज टाकलं. काय सांगू तुमाले, जुन्या गाडीचं इंजिन बांधाचं म्हणजे आधी सिलिंडर किती घासला ते पाहा लागते. पिस्टनच्या रिंगा अगदी वरच्या काठापर्यंत पोचत नाहीत, त्याच्या खाली घासतात, तिथं बारीक पायरी पडते. नख फिरवलं आन् अडकलं तं बोर, म्हणजे सिलिंडरचं भोक, मोठा करून घ्या, नाही अडकलं तं नुसत्या रिंगा बदला. मापाचं गेज होतं, पण मी नखावरच चालत होतो, आन् लोक मानत होते.

मग मले शुगर निघाली. एक दिवस तव्यावरची पोळी उलटवून राहिलो होतो तं बायको ओरडली, अवो, बोट भाजून राहिलं, कळत नाही काय? नव्हतं कळत. तिले म्हणलो, ध्यान नव्हतं. गॅरेजात तं कोणालेच नाही सांगितलं, गजूले पण नाही. गजू म्हणजे माझा साळा, कुहीचाच, माझ्यासंगंच काम करे.

त्यातच मौद्याच्या एका टॅक्सीवाल्याची गाडी आली. सिलिंडरवरचं हेड काढलं, मी बोट फिरवलं, सपाट लागलं, म्हणलो, रिंगा टाक. गजू म्हणे भाऊजी, एकदा गेज लावून पाहू. मी चिडलो, म्हणलो तू मले शिकवतं काय गा? आता सांगतो, मले तवाच माहीत होतं का शुगरनं या बोटाले काही लागतच नाही. तरी बोललो.

गाडी ऑइल जाळत, निळा धूर सोडत परत आली. टॅक्सीवाला साऱ्या गल्लीसमोर गजूवर चढला, का रिंगा टाकता येत नाही तं हात काहून लावतं? मी फडक्यानं हात पुसत उभा. गजूनं इंजिन पुन्हा खोललं, गेज लावलं, तं वरच्या बाजूले बोर घासून अंडाकार झालेला, पायरीही पडलेली. त्यानं माझ्याकडं पाह्यलं. मी मान खाली घातली. तो गाडीवाल्याले म्हणे, चुकलं माझं. बहिणीच्या नवऱ्याले कसं उघडं पाडावं, बाकी काय. मग गल्लीत लोक म्हणाले लागले, गजूले इंजिनाले हात लावू देऊ नका. तो कुहीले निघून गेला.

मले राहवलं नाही. कुहीले जाऊन बोटाचं सारं सांगितलं. तो म्हणे, भाऊजी, मले वाटलं घाईत सुटलं असंन. बोटं मेली हे माहीत असून मले लोकायचं ऐकू देलं तुमी? आन् इथं घरात बसून काय सांगता, जिथं मी शिव्या खाल्ल्या तिथं जाऊन सांगा.

मग मौद्यावाल्याले बोलावलं. चहावाला, टायरवाला, सारे उभे होते, त्यायच्यापुढं सांगितलं, चूक माझ्या बोटाची होती, गजूची नाही. गाडीवाला म्हणे, गजूभाऊचा नंबर द्या.

आता तो टॅक्सीवाला गाडी कुहीले गजूकडंच नेते, गल्लीतलेही नेतात. गजू माझ्या घरी अजून येत नाही, राखीले बायकोच जाते. माझ्याकडलं काम कमी झालं. होऊ द्या. त्याच्या हाताले यश राहो, माझ्यापाशी त्याले देण्यासारखं आता एवढंच आहे.