बाळाच्या आंघोळीचा धडा

सांगते काय झालं ते. माझी नणंद कंपन्यांसाठी, कामगारांना काम शिकवणारे मोबाइलवरचे धडे बनवते. मला म्हणाली, "वहिनी, हे काम तुलाही जमेल. बाळाची आंघोळ लिहून काढ. दादाने वाचून घातली तर तू पास."

ह्यांना लांबलचक मेसेज पाठवला आणि लालबाग मार्केटात गेले. परत येते तर आमच्या दारात अख्खी चाळ. गर्दीतून वाट काढत घरात शिरले. आत बाळ कोरडंच, शेजारणीच्या मांडीवर हसतंय. हे कोपऱ्यात घामाघूम.

"काय झालं हो?"

"तुझा मेसेज वाचला. पाणी कानात गेलं तर, हात सटकला तर, श्वास अडकला तर. बाळाला हात लावायची हिंमतच होईना, म्हणून सगळ्यांना बोलावलं."

नणंदेला तो मेसेज दाखवला. तिने दोनदा वाचला. "वहिनी, भीती सगळी लिहिलीस. आंघोळ कुठेय?"